दिंडीच्या ट्रकात इन्व्हर्टर बसवताना

आषाढी वारीच्या दिवसांत बीड जिल्ह्याच्या रस्त्यांवर पालख्यांची वर्दळ असते. मुक्ताईनगरहून निघालेली संत मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून जाते, शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी आणि अंबाजोगाईवरून पुढे सरकते, पैठणची नाथांची पालखी पाटोद्याच्या अंगाने पंढरीकडे उतरते. वारकरी पायी चालतात आणि त्यांचा संसार मागून किंवा पुढून ट्रकात येतो. वळकट्या, पडशा, राहुट्या, पातेली, गॅसच्या टाक्या, धान्याची पोती, पखवाज, माईकचा संच हे सगळं एका गाडीत भरलेलं असतं. परदेशात मोटारीतच घर थाटून फिरायची हौस मोठी आहे आणि त्या गाड्यांत वीज कशी आणायची यावर तिथे बरंच लिहिलं जातं. आपल्याकडे महिनाभर चाकांवर चालणारं घर म्हणजे हा दिंडीचा ट्रक. दुसरं घर दिवाळीच्या आगेमागे निघतं, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीचा ट्रॅक्टर. विजेची गरज दोघांनाही आहे आणि दोघांनाही ती आज बहुधा जुगाडानेच मिळते.

दिंडीत कुणीतरी म्हणतं, "माउली, यंदा गाडीत एक इन्व्हर्टर टाकून घेऊ." मग मंडळी दुकानात जातात. दुकानदार विचारतो, "किती वॅटचा देऊ?" इथेच गाडी चुकीच्या वाटेला लागते. हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. आधी दिवसभरात किती वीज खर्चणार ते काढायचं, मग ती रोज कुठून भरून घेणार ते ठरवायचं, त्यावरून बॅटरी, बॅटरीवरून वायर आणि फ्यूज, आणि हे सगळं जुळल्यावर इन्व्हर्टर. वॅटचा मोठा आकडा बघून आधी इन्व्हर्टर घेतला की उरलेलं सगळं त्याच्या मापात ओढूनताणून बसवावं लागतं.

हिशेब अवघड नाही. वॅट गुणिले तास म्हणजे वॅट-तास. नऊ वॅटचा एलईडी बल्ब पाच तास चालला तर ४५ वॅट-तास. शंभरेक माणसांची दिंडी धरू. सहा बल्ब संध्याकाळपासून निजेपर्यंत, म्हणजे २७० वॅट-तास. हरिपाठ आणि कीर्तनाला माईकचा अ‍ॅम्प्लिफायर तीन तास. त्यावर शंभर वॅट लिहिलेले असले तरी बोलण्या-गाण्याला सरासरी पन्नासच्या आसपास खर्च होतात, म्हणजे दीडशे. आणि मोबाईल. एका फोनमध्ये ५००० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते. ती पूर्ण भरायला, चार्जरमधली गळती धरून, साधारण २५ वॅट-तास लागतात. रोज साठ फोन भरायचे म्हटले तर दीड हजार वॅट-तास होतात. दिवे आणि माईक मिळून जेवढं खातात त्याच्या तिपटीहून जास्त एकटे फोन खातात. हा आकडा पाहून बहुतेकांना नवल वाटतं, कारण एकेका फोनचा चार्जर इवलासा दिसतो.

बेरीज साधारण १९०० वॅट-तास. पण एका क्षणी किती ओझं पडेल हा वेगळा हिशेब आहे आणि इन्व्हर्टरचा आकार त्यावरून ठरतो. वीस फोन एकाच वेळी लावले तर तीनशे वॅट, दिव्यांचे ५४, अ‍ॅम्प्लिफायर भरात असेल तर दीडशे. सगळं मिळून पाचशेच्या घरात. म्हणजे आठशे किंवा हजार वॅटचा इन्व्हर्टर या दिंडीला पुरेसा आहे. दोन-तीन हजारांचा घेतला तर किंमत वाढते, शिवाय मोठा इन्व्हर्टर नुसता चालू ठेवण्यातच जास्त वीज घालवतो. काहीही न लावता एखादा इन्व्हर्टर दहा वॅट खात असेल तर चोवीस तासांत २४० वॅट-तास गेले; जवळपास सगळ्या दिव्यांच्या रात्रीच्या खर्चाइतके. काम संपलं की बटण बंद, ही शिस्त इथूनच येते.

खरेदीच्या वेळी पेटीवरचा आकडा नीट वाचावा. घरगुती इन्व्हर्टरवर व्हीए लिहिलेलं असतं. हजार व्हीएचा इन्व्हर्टर साधारण आठशे वॅटच देतो. काही स्वस्त पेट्यांवर ठळक अक्षरात लिहिलेला आकडा क्षणभराच्या झटक्याचा असतो, सतत देण्याचा आकडा बारीक अक्षरात खाली असतो. आपल्याला सतत देण्याचा हवा. झटका लागतो तो मोटारीला. मिक्सर, पाण्याची मोटार, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट ओढतात. शेंगदाण्याच्या चटणीसाठी सातशे वॅटचा मिक्सर ट्रकातल्या इन्व्हर्टरवर लावायचा असेल तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. माझं मत विचाराल तर शंभर माणसांचा स्वयंपाक गॅसवर होतो, चटणीही कुटून आणावी किंवा मुक्कामाच्या गावी यजमानाच्या घरी वाटून घ्यावी. इंडक्शन शेगडी आणि पाणी तापवायची कांडी ही नावं तर यादीत येऊच देऊ नयेत. वीज वापरून उष्णता करणं हा बॅटरीचा सर्वात महागडा वापर.

आता भरणा. परळीच्या औष्णिक केंद्रात अडीचशे मेगावॅटचे संच आहेत, पण २०१५ च्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे हे केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. ट्रकातल्या संचाचंही तसंच होतं; रोज भरणा झाला नाही तर चांगली बॅटरी आणि चांगला इन्व्हर्टर तिसऱ्या दिवशी नुसतं ओझं होऊन बसतात. म्हणून बॅटरी घेण्याआधी हे विचारायचं की रोजचे १९०० वॅट-तास परत कुठून येणार.

लोक गृहीत धरतात की गाडी चालली की बॅटरी भरते. दिंडीचा ट्रक दिवसाला एका मुक्कामावरून पुढच्या मुक्कामाला जातो, अंतर पंधरा-वीस किलोमीटर. इंजिन तासभरसुद्धा धडपणे चालत नाही. तासाभरात तीस अँपिअरच्या चार्जरने बारा व्होल्टच्या बॅटरीत चारशेच्या आसपास वॅट-तास जातात, गरजेच्या पाचव्या हिश्शाइतके. आणि इंजिन नुसतं उभ्या उभ्या सुरू ठेवून बॅटरी भरणं हा डिझेलचा नाश आहे. शिवाय मंद फेऱ्यांवर डायनामो कमीच देतो. सोलर पॅनेल ट्रकाच्या टपावर छान बसतं. आपल्याकडे चांगल्या उन्हात शंभर वॅटचं पॅनेल दिवसाला चारशेच्या आसपास वॅट-तास देऊन जातं. पण वारी ज्येष्ठ-आषाढातली. ढग असले की उत्पन्न निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, आणि सपाट टपावर चिखल उडालेला असेल तर आणखी खाली. सोलर जरूर असावं, भरवसा त्याच्यावर ठेवू नये.

खरा भरणा मुक्कामाच्या गावी होतो. शाळा, मंदिर, मंगल कार्यालय, कुणाचा तरी वाडा, जिथे दिंडी उतरते तिथे एक प्लग मिळतो. बारा व्होल्ट तीस अँपिअरचा चार्जर भिंतीतून पाचशे वॅटच्या आत-बाहेर घेतो, म्हणजे शाळेतल्या साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर तो निवांत चालतो. सहा तास वीज टिकली तर दिवसाचा सगळा खर्च भरून निघतो. तीन तासच टिकली तरी ट्रकाच्या प्रवासातला आणि सोलरचा वाटा धरून दिवस निघतो. तिन्ही वाटा ठेवायच्या, पण मुख्य वाट कोणती ते ओळखून. आणि रस्त्याकडेच्या तारांवर आकडा टाकण्याचा विचारही करू नये. ती चोरी तर आहेच, पावसात ओल्या बांबूने तार उचकटताना माणूस जागीच जातो.

बॅटरीकडे वळू. ट्रकाची स्वतःची बॅटरी या कामाला वापरायची नाही. ती सेल्फ मारण्यासाठी बनवलेली असते. आत पातळ पट्ट्या असतात, त्या काही सेकंद प्रचंड करंट देतात आणि लगेच डायनामो त्यांना भरून काढतो. अशी बॅटरी रात्रभर हळूहळू रिकामी केली की काही आठवड्यांत तिचा जीव जातो. त्याआधीच एखाद्या पहाटे गाडी सुरू होत नाही, आणि दिंडी पुढे गेलेली असते. घरच्या इन्व्हर्टरला लावतो ती ट्युब्युलर बॅटरी जाड पट्ट्यांची असते, ती हळू आणि खोल खर्च सोसते. तरीही तिच्यातली निम्मीच वीज वापरावी. १५० अँपिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाताशी नऊशे. आपल्या दिंडीला अशा दोन लागतील आणि दोघींचं वजन शंभर किलोच्या पुढे जाईल.

लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनघोर वापरता येते. २०० अँपिअर-तासांची एकच बॅटरी या दिंडीला पुरते आणि तिचं वजन पंचवीस किलोच्या आसपास असतं. त्याहून मोठा फायदा वेगळा आहे. शिशाच्या बॅटरीत शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तासन् तास लागतात, आणि ती रोज अर्धवट भरून अर्धवट वापरली की आत सल्फेटचा थर धरतो, क्षमता घटत जाते. वारीत तर रोजचा भरणा अर्धवटच होणार. लिथियमला अर्धवट भरण्याचा त्रास नाही. नवीन घ्यायची असेल आणि दिंडीला परवडत असेल तर मी लिथियमच सुचवीन. पण महिनाभराच्या वापरासाठी दिंडीतल्याच दोघा जणांच्या घरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या उचलून आणता येत असतील तर तेही शहाणपणाचं आहे. फक्त निघण्यापूर्वी डिस्टिल्ड वॉटर बघून, पूर्ण चार्ज करून घ्याव्यात, आणि दोन्ही साधारण एकाच वयाच्या असाव्यात. नवी आणि जुनी जोडली की जुनी नवीला खाली ओढते. बॅटरी किती उरली ते साध्या मल्टिमीटरने कळतं: तासभर काही न जोडता ठेवलेल्या शिशाच्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. इन्व्हर्टर स्वतःहून साडेदहाच्या आसपास बंद होतो, तोवर बॅटरी पार निथळलेली असते. त्याच्या शिट्टीची वाट पाहू नये.

आता एक गोष्ट जवळून पाहू, कारण याच ठिकाणी चांगले वायरमनसुद्धा फसतात. मोठ्या ट्रकात विजेची व्यवस्था २४ व्होल्टची असते. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. इन्व्हर्टर मात्र बाजारात सहज मिळतो तो बारा व्होल्टचा. मग कुणीतरी दोनपैकी एका बॅटरीच्या दोन टोकांवर चिमटे लावून काम भागवतो. त्या रात्री सगळं नीट चालतं. पण एकच बॅटरी खर्च होते, दुसरी भरलेली राहते. सकाळी डायनामो दोघींना मिळून २८ व्होल्टच्या वर देतो. भरलेली बॅटरी लवकर उकळायला लागते, तिचं पाणी उडतं, आणि खर्च झालेली कायम उपाशी राहते. पंधरा दिवसांत दोन्ही खराब. ट्रक २४ व्होल्टचा असेल तर दोनच नीट मार्ग आहेत. २४ व्होल्टचाच इन्व्हर्टर आणि २४ व्होल्टचा वेगळा बॅटरीसंच घ्यायचा, किंवा मध्ये २४ वरून १२ वर उतरवून बॅटरी भरणारा डीसी चार्जर टाकायचा. पिकअप, छोटा टेम्पो आणि ट्रॅक्टर बहुधा बारा व्होल्टचे असतात. तिथे ही अडचण नाही. पण तिथेही गाडीची बॅटरी आणि इन्व्हर्टरची बॅटरी यांच्यामध्ये आयसोलेटर रिले किंवा डीसी चार्जर हवाच. इंजिन चालू असताना दोन्ही जोडल्या जाव्यात आणि बंद झालं की तुटाव्यात, म्हणजे पहाटेच्या सेल्फला गाडीची बॅटरी शाबूत राहील. लिथियम असेल तर नुसता रिले नको, चार्जरच हवा. लिथियम इतका करंट ओढते की डायनामो तापून जळू शकतो.

वायर हा या सगळ्यातला सर्वात दुर्लक्षित भाग. भिंतीतल्या २३० व्होल्टवर पाचशे वॅटला दोन-सव्वादोन अँपिअर लागतात. बारा व्होल्टवर तेच काम करायला, इन्व्हर्टरची गळती धरून, अठ्ठेचाळीस-पन्नास अँपिअर लागतात. घरात वापरतात त्या जाडीची वायर इथे चालत नाही. सहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर बॅटरीपासून तीन मीटर दूरच्या इन्व्हर्टरला नेली, तर जाण्या-येण्याच्या सहा मीटरमध्ये पन्नास अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वायरीतच मरतात. बॅटरी १२.२ वर असेल तर इन्व्हर्टरला ११.३ च पोचतात, तो ओरडायला लागतो, आणि सगळे म्हणतात बॅटरी खराब निघाली. तोच इन्व्हर्टर दीड मीटरवर आणून पंचवीस स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर घट ०.१ व्होल्टवर येते. म्हणून नियम साधा: इन्व्हर्टर बॅटरीच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा, लांबी वाढवायचीच असेल तर २३० च्या बाजूची वाढवा. हजार वॅटच्या इन्व्हर्टरला ३५ स्क्वेअर एमएम घ्यावी. टोकांना तांब्याचे लग क्रिंपिंगच्या चिमट्याने दाबून घ्यावेत. हातोडीने ठोकलेला लग धारूरच्या घाटात हादरे बसून ढिला होतो, तिथे ठिणग्या पडतात, लग तापतो आणि इन्शुलेशन वितळतं. निगेटिव्हसाठी गाडीच्या चेसिसवर विसंबून राहू नये, तीही वायर तेवढ्याच जाडीची सरळ बॅटरीपर्यंत न्यावी.

पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात, फ्यूज. हजार वॅटला सव्वाशे अँपिअरचा. फ्यूज इन्व्हर्टरला वाचवण्यासाठी नसतो, वायरीला वाचवण्यासाठी असतो. ट्रकात ताडपत्रीखाली वळकट्यांच्या ढिगात वायर कुठे घासली आणि चेसिसला टेकली तर बॅटरी तिच्यातून हजार अँपिअरसुद्धा ढकलू शकते. फ्यूज नसेल तर वायर लाल होते आणि शेजारी गोधड्या असतात. घरच्या बोर्डातला एसी एमसीबी इथे लावू नये. डीसीचा करंट तुटताना पडणारी ठिणगी तो विझवू शकत नाही.

जागा निवडताना गॅसच्या टाक्यांचा विचार पहिला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर ट्रकाच्या पाट्यावर साचतो. चार्ज होताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो वर चढतो. रिले आणि प्लग ठिणग्या टाकतात. म्हणून टाक्या मागच्या फाळक्याकडे आणि विजेची पेटी पुढे केबिनच्या भिंतीला, मधे शक्य तितकं अंतर. पेटी पाट्यापासून थोडी उंच, लाकडी फळीवर, पट्ट्याने आवळून बांधलेली आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळती. शिशाची बॅटरी असेल तर इन्व्हर्टर तिच्या अगदी डोक्यावर नको. अ‍ॅसिडच्या वाफेने आतले सांधे गंजतात. ट्रक भाड्याचा असतो, त्यामुळे सगळा संच एका पेटीत बसवून ती पेटीच उचलता येईल असं करणं सर्वात बरं. बीड-परळीकडचा कुठलाही चांगला फॅब्रिकेशनवाला अशी लोखंडी पेटी दोन दिवसांत करून देतो.

पाऊस आणि २३० व्होल्ट यांची गाठ पडू न देणं ही वारीतली सर्वात मोठी काळजी. राहुट्यांमध्ये चिखल असतो, माणसं अनवाणी आणि ओल्या धोतरा-लुगड्यांत असतात. तिथे बोर्डाची वायर ओढत नेणं मला मान्य नाही. राहुट्यांतले दिवे बारा व्होल्टचे एलईडी लावावेत. ते थेट बॅटरीवर, स्वतंत्र छोट्या फ्यूजमधून चालतात, इन्व्हर्टर लागतच नाही आणि शॉक बसत नाही. फोनसाठीही बारा व्होल्टवर चालणारे यूएसबी चार्जर मिळतात. बॅटरीची वीज २३० वर चढवून पुन्हा पाचवर उतरवण्यात जो भाग वाया जातो तो वाचतो. माईकच्या बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरना मागच्या बाजूला बारा व्होल्टची सोय दिलेलीच असते, आपण ती वापरत नाही. या तिन्ही गोष्टी बारा व्होल्टवर नेल्या तर इन्व्हर्टरचं काम उरतं ते एखाद्या आजोबांचा नेब्युलायझर, लॅपटॉप, छोटा पंखा एवढंच. मग पाचशे वॅटचाही भागतो. पण तो साइन वेव्हचा घ्यावा. स्क्वेअर वेव्हवर पंख्याची मोटार गुणगुणते आणि तापते, वैद्यकीय उपकरणं बिघडू शकतात. पैसा वाचवायचा तर वॅटमध्ये वाचवावा, साइन वेव्हमध्ये नको.

जे २३० उरेल त्याला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावावा. पण नुसता लावून भागत नाही. घरात न्यूट्रल कुठेतरी अर्थला जोडलेला असतो म्हणून आरसीसीबीला गळती कळते. गाडीतल्या छोट्या इन्व्हर्टरची दोन्ही टोकं बहुधा अधांतरी असतात. न्यूट्रल चेसिसला जोडता येतो का, हे त्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. जोडता येत असेल तर जाणकार वायरमनकडून जोडून घ्यावा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघावं. मुक्कामाच्या गावची लाइन आणि इन्व्हर्टरची लाइन एकाच बोर्डावर आणायची असेल तर मधे चेंजओव्हर स्विच लागतोच. दोन्ही एकदम जोडल्या गेल्या तर इन्व्हर्टर तिथेच जळतो, आणि गावची वीज गेलेली असेल तर आपला करंट उलटा त्या तारांत जातो.

ऊसतोडीच्या गाडीचं गणित वेगळं आहे आणि त्याबद्दल अधिक तळमळीने लिहावंसं वाटतं. बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. फडाजवळ नाहीतर कारखान्याच्या तळावर पाचट-प्लास्टिकची कोपी उभी राहते आणि पुढचे पाच-सहा महिने तेच घर. रात्री-अपरात्री गाडी भरायला उठावं लागतं, पोरं कोपीत झोपलेली असतात, पायाखाली साप-विंचू. इथे दिव्याची गरज दिंडीपेक्षा खडतर आहे आणि पैसा कमी.

या कोपीला इन्व्हर्टर नकोच. बारा व्होल्टची बारा अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे दीडशे वॅट-तास, वजन दोन किलोच्या आत. पाच वॅटचे दोन डीसी बल्ब पाच तास म्हणजे पन्नास, दोन फोन पन्नास. शंभरात रात्र निघते आणि तरी थोडी शिल्लक राहते. चाळीस वॅटचं पॅनेल बैलगाडीच्या साट्यावर किंवा कोपीच्या पाखीवर टाकलं तर हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात दिवसाला हा सगळा खर्च भरून निघतो. हंगाम कार्तिक ते फाल्गुनाचा, आकाश मोकळं, वारीच्या अगदी उलट. एकच सक्ती: बॅटरीच्या तोंडाशी पाच अँपिअरचा फ्यूज आणि कोपीत उघडा सांधा नाही. वाळलेलं पाचट एका ठिणगीने पेटतं.

ट्रॅक्टरवाल्या टोळीत मात्र मोह होतो. बॅटरी दिसायला मोठी, डायनामो आहेच, मग टेप, रंगीत दिवे, दहा-बारा फोन सगळं तिच्यावरच. रात्री भरायला उशीर झाला, इंजिन बंद ठेवून दिवे जळत राहिले की पहाटे ट्रॅक्टर ढकलून सुरू करायची वेळ येते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर ढकलणं शक्यच नसतं, खेप चुकते आणि दिवसाची मजुरी जाते. आयसोलेटर रिले आणि वेगळी दुसरी बॅटरी एवढ्यावर हे टळतं. ट्रॅक्टर दिवसातून तासन् तास चालतो, त्यामुळे दिंडीच्या ट्रकाला न मिळणारा भरणा इथे फुकट मिळतो.

राहिली हौसेची गाडी. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. सौताड्याचा धबधबा, नायगावचं मयूर अभयारण्य, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची योगेश्वरी अशी वाट धरून कुणी गाडीत मुक्काम करत फिरायचं म्हटलं तर बीड जिल्हा त्याला छान आहे. अशा गाड्यांसाठी देशात एआयएस-१२४ हे मानक आहे आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर आरटीओची परवानगी लागते, हे काम सुरू करण्याआधी बघून घ्यावं. विजेचा प्रश्न इथे एकाच गोष्टीवर येऊन अडतो, एसीवर. एक टनाचा एसी रात्रभर चालवायला चार-पाच हजार वॅट-तास सहज जातात, म्हणजे ४०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी एका रात्रीत रिकामी. एप्रिल-मे सोडून आलात तर बारा व्होल्टचा पंधरा-वीस वॅटचा पंखा आणि दोन्ही बाजूंनी जाळीच्या खिडक्या पुरतात. गारव्यासाठी इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणं मात्र प्राणघातक आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वारी संपली, हंगाम संपला की संच तसाच कोपऱ्यात टाकून देतात आणि पुढच्या वर्षी बॅटरी मेलेली निघते. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची, दर महिन्याला पुन्हा भरायची, टोकांना व्हॅसलीन लावायचं. पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत ठेवायची नाही, कारण दर दहा अंशांच्या वाढीला तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं आणि बीडचा मे महिना बेचाळीसच्या पुढे जातो. लिथियम निम्मी भरून सावलीत ठेवली तरी चालते. त्याहून बरं म्हणजे ती वापरात ठेवावी. ऊसतोडीहून परतलेल्या घराने तीच बॅटरी आणि तेच पॅनेल घराच्या पत्र्यावर चढवलं, तर गावात वीज जाते त्या रात्री पोरांच्या अभ्यासापुरता उजेड तिच्यावर मिळतो.